आत सासू, बाहेर शेजारीण

इंदूबाईंच्या हळवेपणाची सगळ्या गल्लीला धास्ती होती. लेकीच्या बाळंतपणात त्या आत बसल्या आणि अशा काही रडल्या, की कळा सोसता सोसता लेकीलाच आईचे डोळे पुसावे लागले. तरी एकाहत्तर साली सून शामला पोटुशी राहिली, तेव्हा तिच्याजवळ आपणच बसायचं, हे त्यांनी ठरवून टाकलं. शामलाला आई नव्हती. दवाखान्यात बाळंतिणीपाशी एकच बाई सोडत, तीही आई किंवा सासू.

आणि नेमक्या त्या इतवारीच्या बाजारात डिंक-खारीक आणायला गेल्या असताना शामलाला कळा सुरू झाल्या. परतल्या तर घराला कुलूप. बांगडीवाली प्रयागबाई तिला रिक्षात घालून घेऊन गेली होती.

प्रयागबाई काही सुईण नव्हती. नाळ कापणं डॉक्टरीणबाईंचं काम. ही नुसती सोबत बसायची, कंबर चोळायची, फेऱ्या मारायला लावायची, घोटघोट चहा पाजायची आणि जगभरच्या चहाड्या सांगायची. पण गल्लीतल्या बायकांना कळा लागल्या की नवऱ्याआधी तिची आठवण व्हायची.

इंदूबाई पिशवीसकट दवाखान्यात धावल्या. दारात सिस्टर आडवी.

"शामलाची सासू आत आहे. तुम्ही कोण?"

इंदूबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. आता त्या बयेच्या झिंज्या धरून तिला बाहेर काढते, म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तोच आतून शामलाचं कण्हणं ऐकू आलं. पाठोपाठ प्रयागबाईचा आवाज.

"वरड वं पोरी, लाजून काहून राहिली? आज मी तुही सासू आहो. दे शिव्या, असा मोका पुन्हा नाही भेटत!"

आणि शामला हसली. कळा सोसताना, खळखळून. लग्नाला दीड वर्ष झालं, पण ही पोर आपल्यासमोर एकदाही अशी हसली नाही, हे इंदूबाईंना तिथं दारात उभ्या उभ्या कळलं आणि फार वाईट वाटलं. आपण आत गेलो तर हिलाही आपलेच डोळे पुसावे लागतील.

"मी शेजारीण," त्या म्हणाल्या, आणि बाकावर जाऊन मनसोक्त रडल्या.

चार वाजता सिस्टर दुपट्यात गुंडाळलेली मुलगी घेऊन बाहेर आली.

"शेजारीणबाई, घ्या. बाहेर एक बाई डिंकाची पिशवी धरून रडते आहे, असं मी आत सांगितलं. तर बाळंतीण म्हणाली, पोरगी पहिले तिच्याच हाती द्या."

इंदूबाईंनी पिशवी बाकावर ठेवली आणि दोन्ही हात पुढे केले.

"तुमच्या त्या प्रयागबाईंना या महिन्यात ही चौथी सून," सिस्टर हसू दाबत म्हणाली. "ते मी चालवून घेते. पण या पोरीचं नाक बघा, अगदी शेजारणीवर गेलंय!"