तिसरं नाव

"तिसरं नाव नाही, म्हणजे स्पर्धा नाही," नावं लिहून घेणारे आयोजक रतिलाल सर म्हणाले. "महिला उंच उडी रद्द."

सारिकाच्या डोक्यात तिडीक गेली. शाळेपासून ती हेच ऐकत आली होती. निदान तिघी नसतील तर उडी घ्यायचीच नाही, हा नियम. आणि तिच्या फैजपूरला दुसऱ्या दोघी आणायच्या कुठून? म्हणून तिने आपल्याविरुद्ध खेळणाऱ्या पोरी स्वतःच तयार केल्या. त्यांच्या आयांच्या विनवण्या केल्या, त्यांना पाठीवर पडायला शिकवलं आणि मग मैदानात हरवलं. लग्नं झाली तशी एकेक गळत गेली. कॉलेजात तर एक मुलगी कमी पडली म्हणून वर्षं वाया गेली, ती कुणी भरून दिली नाहीत.

आता तिने चाळिशी ओलांडली होती, गुडघा कुरकुरत होता. धुळ्याच्या या पस्तिशीपुढच्या स्पर्धेत निवड झाली तरच राज्याच्या मैदानावर उतरता येणार होतं. पुढच्या वर्षी गुडघा साथ देईल याचा भरवसा नव्हता. पहूरची पुनम आली होती, पण शिंदखेड्याची वृषाली ऐन वेळी दिराच्या साखरपुड्यात अडकली.

"मघाशी पुरुषांतही दोघंच होते, सर. तुम्ही तुमच्या ड्रायव्हरचं नाव घातलंत. तो तर चपला घालून धावला!"

"ताई, ते वेगळं."

"काय वेगळं?"

सरांनी चहाचा कप तोंडाला लावला.

मांडवात डबा सांभाळत बसलेली सारिकाची सासू, मंदाबाई, उठली. एके काळी सुनेची पँट दोरीवर वाळत दिसली तरी ही नाक मुरडायची. ती थेट टेबलापाशी आली.

"मनं नाव लिख. मंदाबाई देवचंद."

"आजी, ही पस्तिशीपुढच्या बायकांची स्पर्धा आहे."

"मंग मी काय पस्तीसना खाले शे?"

लोक हसले. सरांना नाव लिहावंच लागलं.

मंदाबाईने पदर खोचला, तुरुतुरु धावली आणि दांडी पोटाशी घेऊनच गादीवर कोसळली. मोबाइल निघाले, शिट्ट्या झाल्या.

"व्हयनी मनी उडी," ती धापा टाकत म्हणाली. "आते मनी सूननी देखा."

सारिकाला हसू आलं नाही. आपल्याला उडी मारू द्यावी म्हणून एका म्हातारीने असं पडायचं? तिला चीड आली, नुसती चीड. पुनम जिथे अडली त्याच्या पुढची उंची तिने लावून घेतली, धावली आणि दांडीला न शिवता पलीकडे गेली.

उठून पाहते तर सर पाठमोरे. मंदाबाईला शेजारी उभं करून सेल्फी काढत होते.

"झाली का? बघायचं राहिलं," ते म्हणाले. "पुन्हा एकदा मारा ना, ताई."

सारिकाने स्वतःच्या हाताने दांडी आणखी वर चढवली. मंदाबाईने सरांच्या हातातला मोबाइल काढून घेतला आणि दंडाला धरून त्यांना गादीकडे वळवलं.

"आते देख."

सारिका धावली. दांडी जागची हलली नाही. गादीवर पडल्या पडल्याच ती ओरडली, "लिहा!"

सरांनी लिहिलं.