हरित श्वासाचं शूटिंग

नाटे गावच्या बंदरावर मोरूबाबांनी उभा जन्म लाँचची इंजिनं दुरुस्त करण्यात काढला. डिझेलच्या धुराने आणि विड्यांनी मिळून त्यांच्या छातीचं वाटोळं केलं. शेवटी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन घरात हवं, त्याशिवाय काही खरं नाही. तेव्हा त्यांच्या मुलाने, रूपेशने, मुंबईत हिंडून एक वापरलेलं मशीन आणलं. दिसायला ती ठोकळ्यासारखी पेटी आणि आवाज पिठाच्या गिरणीचा. पण रात्रंदिवस चालायची बिचारी.

गावात लाईट जाणं ही काही बातमी नव्हे. लाईट गेली की रूपेश बोटीची जुनी बॅटरी आणि इन्व्हर्टर जोडून द्यायचा आणि मशीन काही कुरकुर न करता पुढे चालायचं. खंडेनवमीला लाँचच्या इंजिनाबरोबर त्यालाही झेंडूची माळ पडायची. मोरूबाबांची सून संध्या हे सगळं मनापासून करायची, कारण सासऱ्यांचा जीव त्या पेटीत आहे हे तिला ठाऊक होतं.

आणि मग एका कंपनीला पर्यावरणाचा पुळका आला. दवाखान्यांची उपकरणं बनवणारी मोठी कंपनी. तिची 'हरित श्वास' नावाची योजना होती: तुमचं वीज खाणारं जुनं मशीन आम्हाला द्या, कमी विजेवर चालणारं नवं फुकट न्या. जुन्याचा आम्ही शास्त्रशुद्ध पुनर्वापर करू. संध्याने हौसेने जुनं दिलं. नव्यावर कुंकू लावलं, नारळ फोडला. दहाजणींना बोलावून दाखवलं, ते वेगळंच.

पंधरवड्यात लाईट गेली. रूपेशने बोटीची बॅटरी जोडली, तसं नवं मशीन गळा काढून ओरडलं, लाल दिवा लागला आणि बंद पडलं. ते इतकं सोवळ्यातलं, की बोटीच्या इन्व्हर्टरची वीज त्याला चालेना! त्याला कंपनीचीच बॅटरी हवी आणि ती योजनेत नाही, विकत घ्यायची. मोरूबाबांचे ओठ काळेनिळे पडले. शेजारच्या बाबाजींनी टेम्पो काढून कुठून तरी ऑक्सिजनचा सिलिंडर आणला, म्हणून निभावलं.

तेव्हापासून तो भाड्याचा सिलिंडर खाटेशी उभा होता आणि संध्या कंपनीला फोन करत होती. तिचं मागणं एकच, आमचं जुनं मशीन परत द्या. "तुमची तक्रार नोंदवली आहे," एवढं एकच उत्तर यायचं. माणसाचा श्वास कोंडलाय, आणि हे नोंदवतायत!

म्हणून कंपनीची माणसं वार्षिक अहवालासाठी शूटिंग करायला येणार असं कळलं, तेव्हा संध्याने लगेच होकार दिला. फोनवर टोलवतात, तोंडावर कसे टोलवतील, असा तिचा हिशेब.

भर दुपारी गाडी आली. राजश्री नावाची अधिकारी बाई आणि कॅमेरावाला निलेश. त्यांनी दोन मोठे दिवे लावले आणि त्यांच्यासाठी स्वतःची भलीमोठी बॅटरी मांडली. राजश्रीची नजर सिलिंडरवर गेली.

"ताई, हा बाहेर ठेवूया का? चित्रात बरा नाही दिसत."

"आधी आमच्या मशीनचा बोला," संध्या म्हणाली.

"बोलू ना. शूटिंग झालं की निवांत बोलू."

निलेशने सिलिंडर बाहेर खळ्यात नेऊन ठेवला. मोरूबाबांना कंपनीच्या रंगाची टोपी घातली आणि वाक्य पढवलं, 'आता मी मोकळा श्वास घेतो, आणि पृथ्वीही घेते.' बाबांना ते एका दमात जमेना. पुन्हा घेतलं. पुन्हा घेतलं. संध्याच्या अंगाचा तिळपापड होत होता, पण गरज तिची होती.

आणि लाईट गेली.

मशीन किंचाळून थांबलं. मोरूबाबांचा हात खाट चाचपायला लागला. संध्या सिलिंडरकडे धावणार, तोच तिला दिसलं, घरात उजेड तसाच आहे. बाबांचा श्वास अडला, पण कंपनीचे दिवे जळतायत. तिने दिव्यांची वायर उपटली आणि मशीनची पिन त्या बॅटरीत खुपसली. ती वीज मशीनच्या पसंतीला उतरली. बाबांच्या छातीतली धाप हळूहळू खाली बसली. राजश्री भिंतीला टेकून उभी होती, घामाने डबडबलेली.

घाम पुसत ती म्हणाली, "ताई, ही बॅटरी आम्हाला न्यावी लागेल. अजून दोन घरं आहेत."

"न्या की. आमचा मशीन आणा नि तुमची बॅटरी न्या."

"ते आता नाहीये. तोडलं ते, चुरा केला. जुनं मशीन पुन्हा वापरात आलं तर वीज वाचली असं आमच्या अहवालात धरत नाहीत."

संध्याला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. महिनाभर जे ती मागत होती, ते जगात नव्हतंच, आणि फोनवरच्या एकानेही ते सांगितलं नव्हतं.

तिच्या आधी मोरूबाबाच बोलले. "काय बिघडला होता त्यात?"

"बिघाड असा काही नव्हता, आजोबा."

"मग चालता मशीन मोडलाव?"

इंजिनाचा एक नट फुकट जाऊ न देणारा तो म्हातारा राजश्रीकडे नुसता बघत राहिला.

संध्या बॅटरीपाशी जाऊन फतकल मारून बसली. आपला माणूस आणि त्याचा श्वास, मध्ये आता कुणाला येऊ द्यायचं नाही, एवढंच तिच्या मनात होतं.

"ही हितंच ऱ्हायल," ती म्हणाली. मग निलेशकडे वळली. "तू कॅमेरा चालू कर. आमी नाय म्हटला नव्हता शूटिंगला."

निलेशने राजश्रीकडे पाहिलं. तिने अडवलं नाही, तसा त्याने कॅमेरा चालू केला.

"बाबा," संध्या म्हणाली, "आता बोललाव ता परत सांगा. दम लागला तर थांबून सांगा."

मोरूबाबांनी डोक्यावरची टोपी काढून उशाला ठेवली, नाकातली नळी नीट बसवली आणि कॅमेऱ्याकडे बघून त्या चालत्या मशीनची गोष्ट पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.