हजार चिठ्ठ्यांचा हात

जनता सार्वभौम असते, आणि तिने निवडून दिलेला माणूस हा केवळ तिचा हात असतो. हे वाक्य संगमरवरावर कोरून चौकात लावायचं आमच्या वॉर्डाने ठरवलं होतं. दगड आला, कारागीर आला, पण अक्षरं कुठल्या वळणाची असावीत यावर मतदान घ्यावं लागलं आणि ते अजून पुरं व्हायचंय. दगड इस्त्रीवाल्याच्या दुकानात आहे. तो त्यावर पाणी शिंपडायचा तांब्या ठेवतो.

हात शोधायची पाळी आली ती साहेबांमुळे. साहेब म्हणजे आमचे आधीचे नगरसेवक. ‘मी तुमचं भलंच बघेन’ म्हणत ते निवडून आले आणि मुलांचं खेळायचं मैदान पार्किंगला देऊन मोकळे झाले. जाब विचारायला गेलेल्यांना म्हणाले, "तुम्हाला ते आत्ता कळणार नाही." आम्हाला ते आजही कळलेलं नाही.

मग एका रविवारी सगळा वॉर्ड जमला आणि ठरलं, की भलं बघणारा माणूस पुरे झाला. आता मतच नसलेला माणूस हवा. तो शोधायला लांब जावं लागलं नाही. कोपऱ्यावरचे घड्याळजी तीस वर्षं डोळ्याला भिंग लावून खाली मान घालून बसलेले. ‘आज उकडतंय ना’ असं विचारलं तरी ‘असेल’ म्हणणारे. गणिताच्या निवृत्त मास्तरांनी स्टॅम्पपेपरवर करार लिहिला. सभागृहात मत हात वर करून देतात. घड्याळजींचा हात वॉर्डाच्या चिठ्ठ्या सांगतील तसाच वर होईल. प्रत्येक प्रश्नाला किमान हजार चिठ्ठ्या हव्यात, म्हणजे चार टाळकी मिळून वॉर्ड विकणार नाहीत. चिठ्ठी ज्याची त्याने स्वतः लिहायची, घरनंबर घालून. आदेशाशिवाय हात वर गेला तर खुर्ची सोडायची. घड्याळजींनी सही केली आणि ते निवडून आले. चिठ्ठ्यांची पेटी इस्त्रीवाल्याकडे ठेवली, कारण कपडे सगळ्यांचेच चुरगळतात.

चौदा महिने कारभार चोख चालला. एकाच दुपारी घड्याळजींनी कर निम्मे करायला हात वर केला आणि रस्ते दुप्पट रुंद करायलाही. चिठ्ठ्या दोन्हीकडे भरघोस होत्या. एका दिवंगत सदस्याला श्रद्धांजली वाहायला सभागृह उभं राहिलं, तेव्हा उभं राहण्याबद्दल आदेश नसल्यामुळे हे बसून राहिले. त्या सदस्याच्या मुलाने दुरुस्तीला टाकलेलं घड्याळ दुसऱ्या दिवशी खोललेल्या अवस्थेतच परत नेलं.

मग प्रसूतिगृहाचा विषय निघाला. वॉर्डातलं बारा खाटांचं प्रसूतिगृह एक तारखेपासून बंद करावं, असा प्रस्ताव होता.

घड्याळजींच्या लेकीला तेव्हा आठवा महिना सरत आला होता. गेल्या खेपेला तिला सासरहून नदीपलीकडच्या मोठ्या इस्पितळात नेत होते. पुलावर गाड्या तुंबल्या, आणि बाळ तिथेच, पुलावर गेलं. या खेपेला घड्याळजींनी तिला आधीपासूनच आपल्याकडे आणून ठेवलं होतं. घर ते प्रसूतिगृह चालत पाच मिनिटं. त्यांनी तीनदा मोजली होती. कळा सुरू झाल्या की या वेळी उशीर चालणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

घड्याळजींनी यातलं कुणाला काही सांगितलं नाही, कारण आपल्याला मत नाही हे त्यांनी सहीनिशी लिहून दिलं होतं. फक्त रोज संध्याकाळी एक सदरा घेऊन इस्त्रीवाल्याकडे यायचे आणि पेटीकडे बघत उभे राहायचे.

"अहो, हा कालच केलाय," इस्त्रीवाला म्हणायचा.

"चुरगळलाय जरा."

"कुठे?"

"असेल कुठेतरी."

चिठ्ठ्या निघाल्या एकोणीसशे बारा. त्यातल्या अठराशे एकाहत्तर म्हणत होत्या, बंद करू नये. उरलेल्या एक्केचाळीस जणांची तक्रार बाळांच्या रडण्याच्या आवाजाबद्दल होती. चौदा महिन्यांत पहिल्यांदाच घड्याळजींचं मत आणि त्यांचा हात एका बाजूला आले. सभेला जाताना त्यांनी शीळ घातल्याचं दोघांनी ऐकलं.

दुपारी दोनला दुकानातला फोन वाजला. आम्ही पाच-सहा जण तिथेच निकालाची वाट बघत बसलो होतो. इस्त्रीवाल्याने फोन मोठ्या आवाजावर लावून टेबलावर ठेवला.

"घोटाळा झालाय," घड्याळजी म्हणाले. "प्रस्तावच बदलला."

बंद करणारे बहुमतात होते, हे सकाळीच दिसलं होतं. तेव्हा सभागृहातल्या एका वयस्कर डॉक्टरीणबाईंनी दुरुस्ती सुचवली: बंद करू नका, बाराच्या सहा खाटा करा. बंदवाल्यांतले काही त्याला कबूल झाले. अंदाज घेतला तर तीस इकडे, तीस तिकडे, आणि एकसष्टावे घड्याळजी. ते गप्प बसले तर बरोबरी. बरोबरीत अध्यक्षांचं मत, आणि अध्यक्षांना कुलूपच लावायचं होतं.

"मग करा की हात वर," इस्त्रीवाला म्हणाला.

"कशाच्या जोरावर? चिठ्ठ्यांत ‘बंद करू नये’ एवढंच आहे. सहाबद्दल अक्षर नाही. चार वाजेपर्यंत वेळ मागून घेतलाय. हजार चिठ्ठ्या काढा. पाया पडतो तुमच्या."

या माणसाने आमच्याकडे आजवर काही मागितलेलं नव्हतं. आम्ही धावलो.

धावलो, पण आधी चिठ्ठीवर काय लिहायचं यात अर्धा तास गेला. ‘सहा मान्य’ की ‘किमान सहा’. साहेबांच्या वेळी मैदानासाठी उपोषणाला बसलेला एक चष्मेवाला म्हणाला, "आज सहाला हो म्हटलं की पुढच्या वर्षी तीन करतील."

"तुझ्या घरात कोण बाळंत व्हायचंय?" इस्त्रीवाल्याने विचारलं.

"माझा तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तत्त्वाला कितवा चाललाय?"

एवढ्यात मास्तर आले, ‘सहा मान्य’ आणि ‘अमान्य’ असे दोन पर्याय ठरवून दिले, आणि चिठ्ठ्या पडू लागल्या. तीन वाजता सगळ्यांच्याच एक गोष्ट लक्षात आली. दुपारी हजार माणसं वॉर्डात नसतातच. ती कामावर असतात. हजाराचा नियम रविवारी ठरला होता, तेव्हा सगळे घरी होते.

लेक तोवर बाहेर पडली होती. एका हाताने पोट सावरत, दुसऱ्या हातात कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेन्सिली घेऊन ती जिने चढत होती. पहिल्या इमारतीत तिला चौदा चिठ्ठ्या मिळाल्या. दुसरीत एक बाई दार अर्धवट उघडून म्हणाल्या, "हे आल्यावर विचारते आणि मग लिहिते हं."

"काकू, ते सातला येतात. मला चारच्या आत हवीय."

"अगं पण त्यांना न विचारता कसं?"

"तुमच्या सुनेचं बाळंतपण कुठे झालं, काकू?"

काकूंनी ‘सहा मान्य’ लिहिलं आणि घरनंबर घालायला विसरल्या. लेक तिसऱ्या मजल्यावरून परत खाली आली आणि पुन्हा दार वाजवलं.

पावणेचारला मास्तरांनी पेटी उलटी केली. घरनंबर नसलेल्या अकरा त्यांनी बाजूला काढल्या. मग चष्मा पुसून पुन्हा मोजलं.

"नऊशे एकसष्ट. मान्य सातशे दोन."

"त्या अकरा धरा ना, मास्तरकाका," लेक म्हणाली. तिला धाप लागली होती. कपड्यांचं गाठोडं बाजूला करून कुणीतरी तिला बसवलं.

"धरल्या तरी हजार होत नाहीत, बाळ."

"मग हजार सोडा. सातशे लोक हो म्हणतायत."

"साहेबांकडेही होते सातशे," मास्तर म्हणाले. "तेही भल्याचंच म्हणत होते. तो कागद मी लिहिलाय गं. तू मला नातीसारखी, आणि मलाच हे तुझ्या तोंडावर सांगावं लागतंय."

बोलता बोलता त्यांनी चिठ्ठ्या परत पेटीत भरल्या.

चारला पाच मिनिटं कमी असताना फोन आला.

"किती?"

"नऊशे एकसष्ट," इस्त्रीवाला म्हणाला.

"एकोणचाळीस कमी." घड्याळजींना वजाबाकीला वेळ लागला नाही. "आणखी कुणी?"

"रस्त्यात कुत्रंसुद्धा नाही. सगळे कामावर."

लेकीने टेबलाला धरून उठून फोन तोंडाजवळ घेतला.

"बाबा, तुमचं मत काय आहे?"

"ते मला विचारायचं नाही, असं ठरलंय."

"मी विचारतेय."

तिकडे घंटा झाली. घड्याळजींनी फोन बंद केला नाही; बहुधा खिशात टाकला असावा, कारण पुढचं सगळं कापडातून आल्यासारखं ऐकू आलं. अध्यक्षांनी दुरुस्तीच्या बाजूने हात मागितले. कुणीतरी मोजत गेलं. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. मग काहीच नाही. मास्तर फोनकडे बघत होते आणि लेक मास्तरांकडे.

"घड्याळजी," अध्यक्षांचा आवाज आला, "तो हात वर आहे की मान खाजवताय?"

"वर आहे."

"एकतीस."

दुकानात कुणी टाळी वाजवली नाही. लेक खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. मास्तर तिच्या डोक्यावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले, आणि मग घरी जाऊन करार शोधून घेऊन आले.

रविवारी मतदान झालं. घड्याळजींना काढावं का, यावर दोन हजार तीनशे चाळीस चिठ्ठ्या पडल्या. पेटीच्या इतिहासात एवढ्या कधी पडल्या नव्हत्या. सोळाशेंनी काढा म्हटलं. त्यात ‘सहा मान्य’वाले बरेच होते.

"मी पण काढाच लिहिलं," इस्त्रीवाल्याने त्यांना तोंडावर सांगितलं. "मनात ठेवू नका. काम चांगलं केलंत, पण शब्द तो शब्द."

"असेल," घड्याळजी म्हणाले. त्यांनी राजीनाम्यावर सही केली, दुकानाची फळी वर ढकलली आणि डोळ्याला भिंग लावलं. एक तारखेला प्रसूतिगृहातल्या सहा खाटा टेम्पोत भरून गेल्या. बाकीच्या सहा राहिल्या. घड्याळजी जाऊन स्वतः बघून आले.

नऊ तारखेला सकाळी अकराला लेकीला कळा सुरू झाल्या. बापलेक चालतच निघाले; तिच्या पावलांनी नऊ मिनिटं लागली. नर्स दारातच भेटली. सहाही खाटा भरलेल्या होत्या.