पोळ्याला बिनचाकाचं जनावर

पोळ्याला मानाची जोडी वेशीतून पहिली जाते, आणि पाथर्डीकडच्या हिवरवाडीत हा मान चार पिढ्यांपासून सूर्यभान ढाकण्याच्या घरात होता. अडचण एवढीच, की यंदा सूर्यभानकडे बैलच नव्हते. एक म्हातारपणानं गेला, दुसरा एकटा राहीना म्हणून विकला. वर्षातले सहा महिने नवराबायको ऊसतोडीला, दावणीच्या जनावराला पाणी कोण पाजणार?

ट्रॅक्टर सजवून आणला तर चालेल का, असं त्यानं पंचांना विचारलं. थोरले पंच बजरंग अण्णा सुपारी कातरत म्हणाले, "चाकावर चालतं त्याला जनावर म्हनत न्हाईत. तुला जमत नसंल तर मान मच्छिंद्रला." मच्छिंद्र म्हणजे बांधाला बांध लागलेला भाऊबंद, चार बैलांचा धनी. त्याच्याकडे मान जाणं म्हणजे सूर्यभानचं भर गावात नाक कापलं जाणं होतं.

दुसऱ्या कुणी हाय खाल्ली असती. सूर्यभान बिनचाकाचं वाहन शोधायला निघाला. देव अशा माणसांना का साथ देतो ते त्याचं त्यालाच ठाऊक, पण नगरला कल्याण नावाच्या भंगारवाल्याच्या दुकानात ते सापडलंसुद्धा. लष्कराच्या लिलावातून आलेली, बर्फावर चालणारी जुनी गाडी. मागं रुंद रबरी पट्टा, त्यावर ती पुढं सरकते. पुढं चाकांच्या जागी दोन लांब घसरपाय, म्हणजे बर्फावर घसरणाऱ्या बाकदार फळ्या; हँडल वळवलं की ते वळतात. चाक औषधालाही नाही. इंजिन धडधडत होतं, पण पट्टा फाटलेला आणि घसरपाय गायब.

"सुटे भाग मिळत्याल का?" सूर्यभाननं विचारलं.

"मागं ढीग हाय, जुनेच हायेत," कल्याण म्हणाला. "पन काका, पाथर्डीत बर्फ कुठाय?"

"ते आमचं आमी बघू."

सूर्यभाननं एक पट्टा उलटा केला, आतले रबरी दात बोटानं चाचपले आणि माल अजून दोन वर्षं ओढेल असं ठरवलं. घसरपाय निवडायला मात्र त्याला दुपार लागली. रंग सारखा हवा, लांबी सारखी हवी, बाक एकाच बाजूला हवा. शेवटी त्यानं दोन काढले, एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं असे.

"काका, ह्ये दोन्ही डावे हायेत," कल्याण म्हणाला. "एक डावा, एक उजवा लागतो."

"एकाची शिंगं इकडं नि एकाची तिकडं, असली जोडी कोन घेतं रं? चाळीस पोळे काढल्यात मी. बांध दोन्ही."

गिऱ्हाईकाशी वाद घालायचा नाही हे कल्याणचं तत्त्व. त्यानं पट्टा नि दोन्ही घसरपाय गाडीला बांधून दिले.

पोळ्याच्या दिवशी गाडीवर झूल चढली, हँडलला बेगड लागली, घुंगरमाळा खुळखुळल्या. सूर्यभान ऐटीत बसला आणि गाडी ओल्या काळ्या मातीतून वेशीकडे निघाली. तोरणापासून दहा पावलांवर ती डावीकडे वळली. त्यानं हँडल उजवीकडे ओढलं, ती आणखी डावीकडे वळली. पूर्ण फेरा मारून जागेवर आली आणि दुसरा सुरू केला. मानाच्या जनावरापुढं कुणी जायचं नाही, म्हणून सगळं गाव आपापले कासरे धरून फेरे मोजत उभं राहिलं. नवव्या फेऱ्याला दिवस कलला.

"सूर्यभान, बास झालं," बजरंग अण्णा म्हणाले. "मच्छिंद्र, घे बैल पुढं."

सूर्यभाननं इंजिन बंद केलं. खाली उतरला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मग त्यानं गाडीवरची झूल ओढली, स्वतःच्या पाठीवर घेतली आणि तोरणाकडे चालू लागला. कुणीतरी हसलं.

"आरं, जनावर कुठाय?" अण्णांनी विचारलं.

"ह्ये काय. पंचवीस वर्सं कारखान्याचा ऊस वाहिलाय. तुमच्या कुठल्या बैलानं वाहिलाय येवढा?"

अण्णा सुपारी चघळायचे थांबले. "वाहिला असशील," ते म्हणाले. "पन मान जोडीचा असतो. एकट्याचा न्हाई."

बायका पुरणपोळीची ताटं घेऊन उभ्या होत्या. त्यांच्यातून पुष्पावती, त्याची बायको, बाहेर आली. ऊसतोडीचा मुकादम नवराबायकोची जोडी हिशेबात एकच कोयता म्हणून धरतो. पंचवीस वर्षं मोळ्या तिच्याही डोक्यावरून गाडीत चढल्या होत्या. तिनं ताट शेजारणीच्या हातात दिलं, पदर खोचला आणि झुलीचं दुसरं टोक आपल्या खांद्यावर घेतलं.

"चला," ती म्हणाली. "उभं ऱ्हाऊन पाय दुखत्यात."

अण्णा वाटेतून बाजूला सरले. दोघं तोरणाखालून गेली. पलीकडे मच्छिंद्रची बायको केशरबाई बैलांचे पाय धुवायला तांब्या घेऊन थांबली होती. तिनं क्षणभर नवऱ्याकडे पाहिलं. मग ती खाली वाकली आणि पुष्पावतीच्या भेगाळलेल्या पायांवर पाणी घातलं.