नारूच्या पेपरातले सोयरे

वाशीमच्या डॉक्टर भगवंतरावांना कशाचीच कमी नव्हती. स्वतःचा दवाखाना होता, जीप होती, गावातल्या कुठल्याही समारंभात पहिल्या रांगेत खुर्ची होती. पण अकोल्याच्या एका वर्गमित्राचा शोधनिबंध मुंबईच्या वैद्यकीय मासिकात छापून आला आणि त्यांना अन्न गोड लागेना. कॉलेजात आपल्या मागच्या बाकावर बसणारा हा माणूस, आणि त्याचं नाव छापून येतं म्हणजे काय?

त्यांच्या हाताखाली इंद्रभान खिल्लारे नावाचा तरुण डॉक्टर होता. अनसिंगच्या देवमन खिल्लाऱ्यांचा मुलगा. नागपुरात शिकून आलेला, सरकारी नेमणुकीची वाट पाहत इथे टेकलेला. मेडशीकडे नारूचे रोगी फार. दूषित पाणी पोटात गेलं की वर्षभरानं दोऱ्यासारखा लांब जंत पायातून बाहेर पडायला लागतो. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा, तुटला तर पाय सडायचा. असे पाय इंद्रभाननं मांडीवर घेऊन धुतले होते, नोंदी केल्या होत्या. भगवंतराव एकदाच तिकडे गेले, तेही आमदारांबरोबर. त्या नोंदींवरून त्यांनी निबंध लिहिला आणि मुंबईला धाडला.

तो परत आला. मासिकाचं म्हणणं साधं होतं : संदर्भांची यादी आता अक्षरक्रमानं चालणार नाही. मजकुरात ज्या क्रमानं संदर्भ येतील त्या क्रमानं आकडे घाला, त्याच क्रमानं शेवटी यादी द्या, आणि मासिकांची नावं ठरलेल्या रीतीनं संक्षिप्त करा.

"एवढंच ना?" भगवंतराव म्हणाले. "इंद्रभान, तू करून टाक."

इंद्रभान कामाला बसला आणि पहिल्याच पानावर अडला. यादीत चाळीसेक नावं होती, मजकुरात जेमतेम बारा. बाकीची सगळी जाडजूड पुस्तकांच्या शेवटच्या पानांवरून उचलून आणलेली. एका ठिकाणी तर एका इंग्रज प्राध्यापकाशी झालेली 'व्यक्तिगत चर्चा' संदर्भ म्हणून दिली होती. नागपूरच्या परिषदेत जेवणाच्या रांगेत भगवंतराव त्या प्राध्यापकामागे उभे होते. प्राध्यापकानं मागे वळून चमचे कुठे आहेत एवढंच विचारलं होतं. इंद्रभान शेजारीच होता.

"सर, ह्या लोकांचा मजकुरात उल्लेखच नाही," तो म्हणाला. "आकडा कुठं घालू?"

"वाक्य संपलं की घालून दे एक."

"पण त्यांनी काय लिहिलं ते आपण वाचलं नाही."

भगवंतराव हसले. "अरे, लग्नाले वऱ्हाड किती आलं ते लोक मोजतात. कोण सोयरा आन कोण फुकट जेवाले आला, हे कोण इचारते? तू कायले जीव जाळून राह्यला?"

नेमणुकीच्या कामासाठी इंद्रभानला नागपूरला जायचंच होतं. जाताना त्यानं यादी खिशात घातली आणि मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन एकेक अंक उघडून पाहिला. सगळे अंक मिळाले नाहीत. पण मिळाले तेवढे पुरे होते. एका लेखात घोड्यांच्या जंतांची माहिती होती, माणसाचा उल्लेख नव्हता. एका अंकाचं दिलेलं पान सापडेना, कारण त्या अंकाला तेवढी पानंच नव्हती. आणि सतरावा संदर्भ? नारूवरच्या एका औषधाचा गुण येतो म्हणून भगवंतरावांनी मुंबईच्या एका प्राध्यापकांचा आधार घेतला होता. त्या प्राध्यापकांनी लिहिलं होतं, हे औषध कुचकामी आहे.

वाशीमला परतल्यावर त्यानं हे सगळं सांगितलं आणि नऊ संदर्भांची नवी यादी पुढे ठेवली. नऊही वाचलेले.

"नऊ?" भगवंतरावांनी कागद दोन बोटांत धरला, मेलेलं झुरळ धरावं तसा. "नऊ संदर्भांचा पेपर कोणी हातात तरी घेईल का? तुमी लोक खेड्यातून आले, तुमाले मोठं काही दिसतच नाही."

'तुमी लोक' कोण, हे इंद्रभाननं विचारलं नाही. त्याला ते लहानपणापासून माहीत होतं.

भगवंतरावांनी जुनं वऱ्हाड पुन्हा बोलावलं आणि कोर्टाजवळच्या टंकलेखकाकडून निबंध टाइप करून घेतला. शेवटी आभार होते. 'टंकलेखनातील साहाय्याबद्दल डॉ. खिल्लारे यांचे आभार.' ज्यानं पाय धुतले, त्याच्या पदरात एवढंच पडलं.

त्या आठवड्यात इंद्रभान मेडशीला गेला. गोमतीबाईचा नारू अर्धा बाहेर आला होता. काडी फिरवताना ती म्हणाली, "डाक्टर, मोठे सायब आमच्यावर लिवून राह्यले म्हन्तात. आमचं नाव हाये का त्याच्यात?"

"नाही."

"तुमचं?"

"टाइप केलं म्हणून आहे."

"मंग नावं कोनाची हायेत?"

"विलायती लोकायची. चाळीस जणायची."

गोमतीबाईनं दुखणारा पाय जरा सरकवला. "काहून? थे आले होते का पाय पाहाले?"

इंद्रभान पहिल्यांदाच मोकळा हसला.

काही महिन्यांनी मुंबईचं उत्तर आलं. संपादकांनी निबंध तपासायला दिला होता तो नेमका सतराव्या संदर्भातल्या प्राध्यापकांकडे. त्यांनी दोन पानं भरून लिहिलं होतं. आपण न लिहिलेलं आपल्या तोंडी घातल्याबद्दल ते नाराज होते. घोड्यांचा लेखही त्यांनी उघडून पाहिला होता. निबंध कायमचा नाकारला गेला.

 तिसऱ्या दिवशी भगवंतरावांनी इंद्रभानला बोलावलं. "एक पत्र लिहून दे. संदर्भ लावताना तुझ्याकडून गडबड झाली म्हणून. तू नवखा आहेस, तुले कोणी काही म्हणणार नाही. मले मात्र चार लोकांत राह्यचं आहे."

"सर, मी जे केलं ते तुमी पेपरात कुठंच लिहिलं नाही," इंद्रभान म्हणाला. "मंग जे केलं नाही ते माझ्या नावावर कायले लिहिता?"

"इथली नोकरी ठेवायची नाही का?"

"नाही."

नेमणूक अजून आली नव्हती. तरी तो त्याच दिवशी पिशवी भरून अनसिंगला गेला. बापानं, देवमननं, कारण ऐकलं आणि जेवायला ताट वाढायला सांगितलं. दिवाळीनंतर सरकारी हुकूम आला, तोही मेडशीच्या बाजूचाच. इंद्रभाननं पहिल्या महिन्यातच पंचांना विहिरीवर नेलं. नारूचे पाय घेऊन लोक पायऱ्यांनी पाण्यात उतरतात, तेच पाणी गाव पितं, हे त्यांना दाखवलं. पायऱ्या बुजवून रहाट बसवायचं ठरायला फार भांडणं झाली, पण ठरलं.

कामाला चुना आणायला तो वाशीमला आला, तेव्हा एस.टी. स्टँडवर गुलाबराव भेटले. भाजीच्या मळ्याचे मालक, दवाखान्यातले जुने रोगी.

"तुमचे भगवंतराव लय मोठे झाले हो," ते म्हणाले. "मुंबईच्या एका प्रोफेसरनं त्यांच्या पेपरवर दोन पानं लिहून धाडली म्हन्तात. सत्कार ठेवला गावानं रविवारी."

"कोणी वाचली ती पानं?"

"इंग्रजीत हायेत. वाचाले कोनाले येते?"

"डॉक्टरांना येते," इंद्रभान म्हणाला आणि चुन्याची पोती टपावर चढवायला हमालाला हाक मारली.