न नेलेले फोटो

ग्रंथपालबाईंनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. दोष चष्म्याचा नव्हता. तेच रुंद कपाळ, तीच किंचित वर चढलेली डावी भुवई. गावातल्या जुन्या फोटोंचं प्रदर्शन चार दिवसांवर आलेलं, आणि इथे एकच माणूस दोन घरांचा वडील होऊन बसला होता.

"हे माझेच वडील," शिवणवाल्या बाई म्हणाल्या. "मी पोटात असताना गेले. साठ वर्षं रोज बघतेय, मी चुकेन?"

"पण मागच्या गल्लीतले मास्तरही हेच म्हणतात."

"मग मास्तर चुकतायत."

म्हणाल्या ठामपणे, पण मनात नाही नाही ते येऊ लागलं. दोन संसार होते की काय? आईला ठाऊक होतं?

दोन्ही फोटोंच्या मागे एकाच स्टुडिओचा शिक्का होता. म्हणून स्टुडिओवाल्या काकांना बोलावलं. पंच्याऐंशीचे काका काठी टेकत आले, एक नजर टाकली आणि खुर्चीत बसले.

"हा दोघांचाही कुणी नव्हे. फिरतीवरचा माणूस. फोटो काढला आणि न्यायला आलाच नाही. असे न नेलेले फोटो मी पेटीत ठेवायचो. घरचं माणूस गेलं आणि फोटो एकही नाही, अशी माणसं यायची. त्यातला जवळपास दिसणारा निवडायची. मी पुन्हा छापून द्यायचो. पोरांना दाखवायला काहीतरी हवं ना!"

शिवणवाल्या बाईंचा चेहरा पडला. रडावं की चिडावं, आणि चिडावं तरी कोणावर?

"आईने हा लगेच उचलला?" त्यांनी विचारलं.

"छे! बाकीचे पाच मिनिटांत उचलायचे, म्हणून तर त्या लक्षात राहिल्या. तुम्ही कडेवर भोकाड पसरलेलं, आणि त्या अख्खी दुपार बसलेल्या. एकेक बघायच्या, नको म्हणायच्या. शेवटी हा घेतला, तोही नाइलाजाने."

शिवणवाल्या बाईंनी नाक पुसलं.

"काका, ती पेटी आहे अजून?"

"माळ्यावर असेल. का?"

"आईने नको म्हटलेले बघायचेत. बाबा कसे नव्हते, तेवढं तरी कळेल."