भाजलेल्या बर्चची खुर्ची

आमच्या चिरंजीवांनी चांगली नोकरी सोडली आणि भाजलेल्या लाकडाचं फर्निचर करायचं मनावर घेतलं. ज्या पांढुरक्या विलायती बर्चला आमच्या धंद्यात कुणी हिंग लावूनही विचारत नव्हतं, तो म्हणे हवा लागू न देता वाफेच्या भट्टीत तापवला की गाभ्यापर्यंत गडद तपकिरी होतो. "बाबा, रंग द्यायला नको. दमट हवेत फारसा फुगत नाही, वाकत नाही," चिरंजीव सांगत. फळीचा वास घेताना त्यांचा चेहरा असा खुलायचा, की सूनबाईंना हेवा वाटावा.

"मी चाळीस वर्षं कच्चंच लाकूड वापरलं," मी म्हणायचो. "अडाणी माणूस!"

एका वाचनालयाला साठ खुर्च्या हव्या होत्या. नमुना पसंत पडला तर काम आमचं, नाही तर चिरंजीव पुन्हा नोकरीचे अर्ज लिहायला मोकळे. कापणं, रंधा मारणं त्यांनी केलं. सांधे माझ्याकडे आले, कारण सांधा म्हटलं की बाजारात माझंच नाव निघतं. हे बाजार म्हणतो, मी फक्त मान डोलावतो.

"हे लाकूड पाणी लवकर पीत नाही," चिरंजीवांनी बजावलं. "सरस उशिरा सुकतो. सांधे आवळून धरणारे शिकंजे उद्या सकाळपर्यंत काढू नका."

मला सरस शिकवतोय! ज्याला मी नाक पुसायला शिकवलं, तो! दुपारी आवळलेले शिकंजे मी संध्याकाळी काढले, नेहमीसारखे. खुर्ची ऐटीत उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या बाई आल्या, खुर्चीत बसल्या, जरा मागे रेलल्या. कर्र! मागचा पाय सांध्यातून निसटला. चिरंजीवांनी बाईंना वेळीच सावरलं म्हणून बरं.

खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मला आनंदच झाला. 'सांगत होतो ना मी!' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. चिरंजीवांनी खाली वाकून सांध्यावरून बोट फिरवलं. सरसाने लाकूड नीट धरलंच नव्हतं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि बाईंना म्हणाले, "लाकडातच दोष आहे. खुर्चीच्या लायकीचं नाही हे."

तीन महिने ज्याचे गोडवे गायले, त्या लाकडाला पोराने बापाचं नाव राखायला खोटं पाडलं. साठ खुर्च्यांवरही पाणी सोडलं. मला माझीच लाज वाटली.

"लाकूड उत्तम आहे, बाई," मी म्हणालो. "शिकंजे मी लवकर काढले. याने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

बाईंनी तो पाय उचलून उलटसुलट पाहिला. "दुसरी खुर्ची कधी दाखवाल?"

"सोमवारी," पोरगा म्हणाला.

"आणि सांधे कोण जुळवणार?"

"बाबाच."